बारकी आहेत

ओहोटी साडेसहाला, म्हणून माझी मीटिंगही साडेसहाला.
विगोहून अंधारात गाडी हाकत आले,
मागच्या सीटवर कॉफीचा थर्मास, चार फोन
आणि चारही फोनांत तेच ते, सहा महिन्यांचं काम.

खाडीनं तळ उघडा टाकला होता.
पंधरा-वीस बायका पोटरीभर चिखलात,
दंताळी ओढत, स्वतःही मागे मागे सरकत,
जणू कुणाच्या खोलीतून अदबीनं बाहेर पडतायत.

ॲप साधं आहे, मी म्हटलं.
कुणी किती तिसऱ्या काढल्या, कुठल्या पट्ट्यातून,
आज अजून किती किलो काढता येतील,
एवढंच.
ऑफिसात सगळ्यांना आवडलं होतं.
ऑफिसात सगळ्यांची बोटं कोरडी असतात.

दोसिंदानं हातमोजा दातांनी ओढून काढला,
अंगठा टेकवला. फोन म्हणाला, ओळखलं नाही.
पुन्हा टेकवला. ओळखलं नाही.
"बरोबरच आहे त्याचं," ती म्हणाली,
"चाळीस वर्षं वाळूत घासून ठसा कधीच गेला.
पासपोर्टच्या ऑफिसातही हाच तमाशा.
पण तिथला बाबा निदान हसला तरी."

तोवर ऊन वर आलं होतं.
ओतिलियानं फोन समोर धरला
आणि त्यात तिला तिचीच टोपी दिसली.
पांढऱ्यावर फिकट राखाडी अक्षरं,
ज्यांच्यासाठी मी दोन आठवडे भांडले होते.
"लिहायला विसरलीस का गं?"

कोपऱ्यातल्या तीन रेघांवर कुणीतरी बोट ठेवलं,
"हे दंताळं का काढलंयस? आणि दांडा कुठाय?"
मी म्हटलं, तो मेनू.
"मेनू? मग जेवायला काय?"
सगळ्या हसल्या. मीही हसले, जरा उशिरा.

"नोंदवा"च्या शेजारी मी "पुसा" ठेवलं होतं,
दोघांत तांदळाच्या दाण्याएवढं अंतर.
ओतिलियाचे साडेआठ किलो गेले.
खोटेच होते, चाचणीपुरते टाकलेले,
तरी तिनं वळून बादलीकडे पाहिलं,
आहेत ना खरे, जागेवर.

एरुंदीना काहीच बोलली नाही.
वहीत तिच्या नावापुढे जागा सोडून मी थांबले.
ती खडकावर बसून माझी कॉफी प्यायली,
थर्मासच्या झाकणातून, सावकाश,
मग म्हणाली, "छान आहे गं."
हे मला कळतं.
आई माझ्या नवऱ्याबद्दल असंच म्हणाली होती.

कमरेच्या दोरीला तिची पितळी पट्टी,
पट्टीत एक खाच.
एकेक तिसरी त्या खाचेवर धरायची.
अडकली तर बादलीत. निसटली तर पाण्यात,
रागानं नाही, नुसता मनगटाचा झटका,
पुढच्या वर्षी ये म्हटल्यासारखा.
अडकली. निसटली. निसटली. अडकली.
मी कितीतरी वेळ तेच बघत राहिले,
प्रश्नांची यादी मांडीवर तशीच.

मग न विचारता तिनं माझा फोन ओढून घेतला
आणि पट्टी पडद्यावर आडवी ठेवली.
माझी बटणं खाचेत मावली, सगळीच्या सगळी,
आणि बाजूला जागा उरली.
"बारकी आहेत," एरुंदीना म्हणाली.

पाणी चढायला लागलं.
बादल्या काट्यावर गेल्या, आकडे पाटीवर चढले,
खडूनं, वीतभर उंचीचे,
चुकलं तर पुसायला स्वेटरची बाही.
मी पाटीचा फोटो काढला. बाहीचाही.

अर्ध्या वाटेत आठवलं,
थर्मासचं झाकण तिच्याकडेच राहिलंय.
पुढची मोठी ओहोटी पंधरा दिवसांनी,
पहाटे, सहाच्याही आधी.